पाच महिने प्रार्थना केली, तरी उत्तर येईना

(एका भगिनीच्या पत्राचा सारांश. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

पत्रलेखिका तेहतीस वर्षांच्या, अविवाहित. एका मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत कायम नोकरीत आहेत. घरी आईवडील आणि भाऊ-भावजय. वडिलांना पार्किन्सनचा आजार आहे. दुर्गम भागातल्या एका छोट्या मिशन रुग्णालयाने त्यांना बोलावलं आहे. तिथे प्रयोगशाळा नव्याने उभी करायची आहे, करार दोन वर्षांचा आहे आणि पगार आत्तापेक्षा कमी. पाच महिने त्यांनी हा विषय प्रार्थनेत ठेवला आहे, शुक्रवारी उपासही करतात. वचन मिळावं म्हणून बायबल उघडलं तर एकदा 'आपला देश सोडून जा' हे अब्राहामाचं वचन आलं, एकदा 'तुम्ही राहाल तेथे मी राहीन' हे रूथचं. 'रविवारच्या उपासनेआधी तिकडून फोन आला तर जाईन' अशी खूण मागितली. शनिवारी संध्याकाळी फोन आला, पण तो प्रमाणपत्राची प्रत पाठवा हे सांगायला. ही खूण धरायची की नाही, हे त्यांना कळत नाही. चर्चच्या मंडळीतले एक ज्येष्ठ काका म्हणाले, "प्रभूने मला दाखवलं, तू जाऊ नकोस, वडिलांना तुझी गरज लागणार आहे." न जाण्याचा विचार केला की मन शांत होतं, जाण्याचा केला की पोटात गोळा येतो. वडिलांना अजून काही सांगितलेलं नाही. महिनाअखेर उत्तर द्यायचं आहे. त्या लिहितात, "देवाच्या इच्छेबाहेर पाऊल पडेल याची भीती वाटते. त्याने स्पष्ट सांगितलं, तर पुढे काही बिघडलं तरी मी माझ्या मनाने गेले नव्हते, एवढं तरी म्हणता येईल."

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात अब्राहाम आहे, रूथ आहे, काका आहेत, दादा-वहिनी आहेत, शनिवारचा फोनसुद्धा आहे. तुम्हाला स्वतःला जावंसं वाटतं की नाही, हे मात्र एवढ्या लांब पत्रात कुठेच नाही. मी शोधलं. सगळ्यांत जवळ जाणारं वाक्य शेवटचं आहे, 'एवढं तरी म्हणता येईल' हे. कोणाला म्हणायचं आहे? दादाला? आईला? की रात्री झोप लागत नसताना स्वतःलाच?

माझा कयास सांगते. चुकत असेन तर सोडून द्या. प्रार्थनेत तुम्ही दोन गोष्टी एकत्र मागताय. एक म्हणजे मार्गदर्शन. दुसरी म्हणजे निर्णय आपल्या नावावर लागू नये, ही सवलत. पहिली मागणी देव ऐकतो असा माझा विश्वास आहे. दुसरी तो सहसा देत नाही, आणि पाच महिन्यांची शांतता कदाचित त्या दुसऱ्या मागणीपुढची आहे.

'देवाच्या इच्छेबाहेर पाऊल' या भीतीबद्दल आधी बोलू. आपल्याकडे वेदीवरून आणि साक्षींमधून एक चित्र मनात बसलेलं असतं. प्रत्येकासाठी एकच वाट आखलेली आहे, ती ओळखली तर आशीर्वाद, चुकली तर उरलेलं आयुष्य दुय्यम. पवित्र शास्त्रात काही माणसांना असं नेमकं पाचारण झालं हे खरंच आहे. पण तीच पुस्तकं बाकीच्या माणसांच्या बाबतीत किती मोकळी आहेत, इकडे आपलं लक्ष जात नाही. सलाफहादच्या मुलींच्या लग्नाचा प्रश्न मोशेपुढे आला, तेव्हा परमेश्वराचं उत्तर एवढंच होतं की नवरा आपल्या वंशातला असावा, बाकी त्यांना पसंत पडेल त्याच्याशी लग्न करावं (गणना ३६). विधवेबद्दल प्रेषित पौलही तेच म्हणतो, तिला हवं त्याच्याशी तिने लग्न करावं, मात्र ते प्रभूमध्ये असावं (१ करिंथ ७). मर्यादा सांगितली आहे आणि मर्यादेच्या आतली निवड माणसावर सोपवली आहे. पवित्र असा, उपकारस्तुती करा, न्यायाने वागा हे 'देवाची इच्छा' म्हणून ठळकपणे लिहिलं आहे. कोणत्या प्रयोगशाळेत काम करायचं हे लिहिलेलं नाही, आणि ते राहून गेलं असं मला वाटत नाही.

तुमच्यापुढचे दोन्ही पर्याय चांगले आहेत. आजारी वडिलांजवळ राहणं पाप नाही, जिथे साधी रक्ततपासणी होत नाही तिथे ती सुरू करणंही पाप नाही. त्यामुळे एका बाजूला देव आणि दुसऱ्या बाजूला देवाबाहेरचा अंधार अशी मांडणी इथे करूच नका.

आता वचनं. बायबल अचानक उघडून मिळालेल्या ओळीतून देव बोलूच शकत नाही असं मी म्हणणार नाही. पण ओळ मिळाली की आजूबाजूचं पान तरी वाचावं. तुम्ही रूथचं वाक्य 'राहा' असं घेतलं. रूथ ते वाक्य सासूला म्हणते तेव्हा ती आपला देश आणि आपलं माहेर सोडून निघालेली आहे! म्हणजे तुमच्याच पद्धतीने गेलं तर दोन्ही वेळा 'जा' निघालं. हे वाचून जर तुमच्या मनात 'अरे बापरे' आलं असेल, किंवा उलट 'बरं झालं' आलं असेल, तर ती पहिली प्रतिक्रिया वहीत लिहून ठेवा. पुढे कामाला येईल.

खुणेचंही तसंच. गिदोनाच्या लोकरीचा दाखला आपण फार सहज देतो. पण शास्ते या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात, इस्राएलला शत्रूपासून सोडव, असं गिदोनाला आधीच स्पष्ट सांगितलेलं आहे. लोकर त्याने विश्वास बसेना म्हणून रात्री बाहेर ठेवली, दवाने ती एकदा ओली व्हावी आणि एकदा कोरडी राहावी अशी खूण मागितली, आणि दुसऱ्या वेळी 'माझ्यावर रागावू नकोस' असं म्हणत. देवाने त्याच्या दुबळेपणाला सांभाळून घेतलं. तो सगळ्यांसाठी घालून दिलेला पाठ नव्हे. मालकाच्या मुलासाठी वधू शोधायला निघालेल्या अब्राहामाच्या सेवकाने विहिरीपाशी मागितलेली खूण मला जास्त आवडते. जी मुलगी आपण होऊन उंटांनाही पाणी पाजेल तीच ती, असं त्याने ठरवलं. उंट दहा होते. परक्या माणसाच्या दहा उंटांसाठी पाणी शेंदणारी मुलगी कशी असेल, हे त्या खुणेतूनच कळत होतं. तुमच्या फोनमधून तसं काय कळलं? तिथल्या कार्यालयाला एक प्रत कमी पडली, एवढंच. त्याचा अर्थ लावायच्या फंदात पडू नका.

मनाच्या शांतीबद्दल मात्र जरा सविस्तर बोलायला हवं, कारण तुमचा सगळा भार त्यावर आहे आणि मला येणाऱ्या बऱ्याच पत्रांतही तो असतो. 'मनात शांती आली म्हणजे प्रभूचा होकार' हे आपण इतक्यांदा ऐकतो की तपासून बघायचं सुचत नाही. योना घ्या. देवाने निनवे शहरी जायला सांगितलं होतं, ते सोडून तो याफो बंदरावर गेला, तर तार्शीशला जाणारं जहाज तयारच होतं. भाडं भरलं, आत शिरला, आणि वादळ आलं तरी खाली गाढ झोपला. दार उघडं होतं, झोपही शांत होती, आणि तो देवापासून पळत होता. आता अटकेच्या रात्रीची गेथशेमाने बाग आठवा. येशू तिथे इतका व्याकूळ होता की लूक म्हणतो, त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता. शांती हेच माप धरलं तर योना बरोबर ठरतो.

म्हणून 'न जाण्याचा' विचार केल्यावर येणारी ती शांतता एकदा नीट बघा. अवघड गोष्ट टळली की कोणालाही हलकं वाटतं. दंतवैद्याची वेळ रद्द झाल्यावरसुद्धा वाटतं, आणि दात तसाच किडत राहतो. ती सुटका असेल तर दोन-चार दिवसांत तिची चव बदलते, कसलीशी हुरहूर उरते. खरी शांती असेल तर ती टिकते, आणि तिच्यात राहूनही वडिलांकडे बघताना जड वाटत नाही.

पण अस्वस्थता खोटीच असते असंही नाही. त्रोवस शहरात प्रभूने पौलासाठी दार उघडलं होतं, हे तो स्वतः लिहितो (२ करिंथ २). तरी तीत नावाचा त्याचा सोबती तिथे भेटला नाही म्हणून त्याच्या जिवाला चैन पडेना, आणि तो उघडं दार सोडून मासेदोनियाला निघून गेला. त्याबद्दल त्याला कोणी दोष दिलेला दिसत नाही. इथे बघण्यासारखं हे की पौलाला आपल्या अस्वस्थतेचं कारण नाव घेऊन सांगता येत होतं. तुम्हीही तेच करा. पोटात गोळा येतो तेव्हा डोळ्यांसमोर काय असतं? रात्री वडील बिछान्यात कूस बदलू शकत नाहीत आणि जवळ कोणी नाही, हे दिसतं का? तर तो गोळा मोलाचा आहे, त्याची सोय लागल्याशिवाय होकार देऊ नका. की तिथल्या रिकाम्या खोलीत एकटीने यंत्र लावायचं आहे, चुकलं तर विचारायला वरिष्ठ नाहीत, हे दिसतं? तसं असेल तर ती नव्या कामाची धास्ती आहे. ती होकारातही येते, नकारातही पुढे दुसऱ्या कशावर तरी येईल.

पोर्तुगाल-स्पेनकडच्या संतांची नावं काढली की काही प्रॉटेस्टंट वाचक दचकतात, पण लोयोलाच्या इग्नाशियस या स्पॅनिश कॅथलिक संताकडून या बाबतीत शिकण्यासारखं आहे. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडून तो महिनोन्महिने अंथरुणात होता. वाचायला शूरवीरांच्या कथा मागितल्या, घरात होती ती ख्रिस्ताची आणि संतांची चरित्रं. पडल्यापडल्या तो दोन प्रकारची स्वप्नं रंगवी, एक दरबारी पराक्रमाची आणि एक संतांसारखं जगण्याची. रंगवताना दोन्ही गोड लागत. नंतर मात्र पहिल्यानंतर मन कोरडं पडे, दुसऱ्यानंतर उल्हास टिकून राही. हा नंतरचा फरक त्याने हेरला आणि पुढे त्यातूनच पारख करण्याची पद्धत बसवली.

ती तुमच्या हातात अशी येते. काही दिवस 'मी होकार दिला आहे' असं धरून जगा. कोणाला सांगू नका, पण सामान काय न्यायचं, दादाशी काय बोलायचं, शेवटचा दिवस कोणता, इथपर्यंत मनात ठरवा. रात्री प्रार्थनेआधी चार ओळी लिहा. मग तितकेच दिवस 'मी नकार दिला आहे' असं जगा. तेव्हाही तिथली प्रयोगशाळा दुसरं कोणीतरी उभी करतंय हे डोळ्यांसमोर आणा. शेवटी वही सलग वाचा. इग्नाशियसचाच आणखी एक उपाय आहे. ओळखीची नसलेली, अगदी तुमच्यासारखीच अडचण असलेली एक बाई सल्ला मागायला आली, तर तिला काय सांगाल ते स्वतःला विचारा. बऱ्याचदा ते उत्तर आपल्याकडे तयार असतं.

पण त्याआधी तुमची इच्छा प्रार्थनेत उघड बोला. ब्रिस्टलमध्ये हजारो अनाथ मुलांना सांभाळणारा जॉर्ज म्युलर म्हणायचा की देवाची इच्छा शोधताना आधी त्या बाबतीत आपली स्वतःची इच्छा उरू नये इथवर मन आणावं, दहातली नऊ अडचण तिथेच असते. त्याच्याबद्दल मला आदर आहे. नुसत्या भावनेवर किंवा मनात उमटलेल्या ठशावर निर्णय सोडू नये, हे त्याचं म्हणणं तर तुम्ही भिंतीवर लावावं असं आहे. पण पहिलं पाऊल मला उलट वाटतं. इच्छा आधी बोलून दाखवल्याशिवाय बाजूला ठेवता येत नाही. गेथशेमानेत 'हा प्याला माझ्यापासून दूर कर' हे आधी आलं आहे, 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' नंतर.

न बोललेली इच्छा जाते कुठे, हे यिर्मयाच्या ४२व्या अध्यायात दिसतं. यरुशलेम पडलं होतं. उरलेली माणसं संदेष्ट्याकडे आली, म्हणाली, आमच्यासाठी प्रार्थना कर, बरं असो वाईट असो, देव सांगेल ते आम्ही ऐकू. दहा दिवसांनी उत्तर आलं, इथेच राहा. ती म्हणाली, तू खोटं बोलतोस, आणि मिसरला, म्हणजे इजिप्तला, गेली. त्यांचा मुक्काम आधीच मिसरच्या वाटेवर पडलेला होता. त्यांनी सुरुवातीलाच 'आम्हाला इथे भीती वाटते, आम्हाला जायचंय' असं म्हटलं असतं, तर निदान बोलणं खरं झालं असतं.

काकांबद्दल. त्यांचा मान ठेवा. संदेशांचा धिक्कार करू नका असं पौल सांगतो, आणि लगेच पुढे, सगळ्याची पारख करा. प्रेषितांची कृत्ये २१मध्ये अगब नावाचा संदेष्टा पौलाचा कमरबंद घेतो, आपले हातपाय बांधतो आणि सांगतो की यरुशलेमात या माणसाला असंच बांधतील. ते ऐकून सगळे रडत विनवू लागले, जाऊ नकोस. पौल गेला. अगबाचं सांगणं खरं ठरलं, म्हणून विनवणाऱ्यांचा निष्कर्षही खरा होता असं झालं नाही. वडिलांना तुमची गरज लागेल हे काकांचं म्हणणं खरं असेलच. पार्किन्सन वाढत जाणारा आजार आहे, हे कळायला दर्शन लागत नाही. त्यावरून 'जाऊ नकोस' हे मात्र आपोआप निघत नाही, ते तुम्हाला तपासायचं आहे. काकांना सांगा, "काका, तुम्ही सांगितलेलं मी लक्षात ठेवलंय. मी अजून विचार करतेय, तुम्ही प्रार्थना करत राहा." यापुढे खुलासा देऊ नका.

आणि तपासायचं ते बाहेर पडून, माणसांना विचारून. ज्ञान कमी पडलं तर देवाजवळ मागा, तो दोष न लावता देतो, असं याकोब लिहितो. मागितलेलं ज्ञान डॉक्टरांच्या तोंडून आलं तर ते कमी पवित्र ठरत नाही. वडिलांच्या डॉक्टरांना विचारा, येत्या दोन वर्षांत काय बदल होऊ शकतात, पडण्याचा आणि गिळण्याचा त्रास कितपत. गोळीची वेळ टळली की त्यांचा पुढचा दिवस कसा जातो, हे तुम्ही घरात बघतच असाल. मग त्या वेळा तुमच्याशिवाय कोण सांभाळतं? दादा-वहिनींशी याच तपशिलात बोला, 'बाबांचं कसं होईल' अशा मोघम भाषेत नको. आईवडिलांचा मान राख ही आज्ञा दादालाही आहे. घरातली अविवाहित मुलगी म्हणजे आपोआप राखीव मनुष्यबळ, असं त्या आज्ञेत लिहिलेलं नाही. दुसरी बाजूही सांगायला हवी. देवाला अर्पण केलं म्हणून आईबापांना द्यायला काही उरलं नाही असं म्हणणाऱ्यांना येशूने 'कुर्बान'वरून सणसणीत बोल लावले आहेत. सेवेला जाण्याचं कारण आणि घरातून सुटण्याचं कारण एकच असू शकतं. तसं असेल तर ते निदान स्वतःपासून लपवू नका.

मिशन रुग्णालयाला विचारा की वर्षातून रजा किती, घरी तातडीचं काही झालं तर काय, मदतनीस मिळणार का, करार मध्येच सोडावा लागला तर काय. आत्ताच्या ठिकाणी बिनपगारी दीर्घ रजेचा नियम आहे का, हेही बघा. असेल तर तुमचा अर्धा प्रश्नच वेगळा होतो.

सगळ्यांत आधी मात्र बाबांना सांगा. त्यांना धक्का बसेल म्हणून तुम्ही थांबलात, पण हात थरथरतो म्हणून माणसाचं मत नाहीसं होत नाही. पाच महिने त्यांच्याबद्दल देवाशी बोललात, आता त्यांच्याशी बोला. ते 'जा' म्हणतील, 'नको' म्हणतील, रडतील. जे होईल ते तुमच्या प्रार्थनेतला खरा मजकूर असेल.

मंडळीत बोलायचं झालं तर तुम्हाला एकाच बाजूला ओढणार नाहीत अशी दोन-तीन माणसं निवडा. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांत एक रीत आहे. निर्णयात अडकलेल्या माणसासोबत काहीजण बसतात, मध्ये मध्ये शांत राहतात आणि फक्त प्रश्न विचारतात, सल्ला द्यायचा नाही. आपल्याकडे हे जमणं कठीण आहे, आपल्याला सल्ला दिल्याशिवाय चहा उतरत नाही. तरी आधीच सांगून बघा.

याच वळणाची पत्रं लिहिणाऱ्या इतर वाचकांसाठी दोन गोष्टी इथेच सांगते. घरात मारहाण होत असेल, किंवा 'प्रभूने दाखवलं' म्हणून कोणी पैसे किंवा सही मागत असेल, तर प्रार्थना करत वाट बघायची ही वेळ नव्हे. आधी सुरक्षित जागी जा, सही करू नका. आणि ज्यांना निर्णय मोठा असो वा किरकोळ, देवाला विचारल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही, पुन्हा पुन्हा तेच तपासावं लागतं, झोप उडाली आहे, त्यांनी मनोविकारतज्ज्ञांना भेटावं. तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. विश्वासाच्या कमीजास्तपणाशी त्याचा संबंध लावू नका.

ताई, ठरवल्यावर शंका येईल. पहिल्याच आठवड्यात तिकडे वीज नसेल किंवा इकडे बाबा पडतील, आणि वाटेल चुकलंच. मन खचलेलं असताना, मन शांत असताना घेतलेला निर्णय फिरवू नये, हा इग्नाशियसचा नियम तेव्हा आठवा. पौलाला मासेदोनियाचा माणूस दर्शनात दिसला, ते सगळे तिकडे गेले, आणि फिलिप्पैत पौल आणि सीला फटके खाऊन तुरुंगात पडले. दर्शन चुकलं होतं असं त्यांनी म्हटलेलं नाही. परिस्थिती खरोखर बदलली तर मात्र निर्णयही बदलता येतो, त्यासाठी नव्याने खूण मागायची गरज नाही.

उत्तर महिनाअखेरच्या दोन-चार दिवस आधीच पाठवा. होकार असेल तर कधी रुजू होणार ते लिहा. नकार असेल तर 'प्रभूने मार्ग मोकळा केला नाही' असं लिहू नका. 'विचार आणि प्रार्थना करून मी न येण्याचं ठरवलं आहे' एवढं लिहा, म्हणजे त्यांना लगेच दुसरी व्यक्ती शोधता येईल.